औरंगाबादच्या जुन्या उद्योगांच्या इतिहासाचीं साधनें : एक चिकित्सा

(१)

औरंगाबाद शहराच्या जुन्या उद्योगधंद्यांविषयीं जें लिहिलें जातें तें बहुतेक एकाच सांच्यांतून निघालेलें दिसतें. महंमद तुघलकानें राजधानी दौलताबादेस आणली, तिच्याबरोबर विणकर व कागदी आले; मार्को पोलोस येथील शाल नजर झाली; पुढें विलायती कापड आलें व सर्व धंदे बुडाले; मग एक गिरणी निघाली आणि रेल्वे आली. येवढ्या चार-पांच वाक्यांत साडेपांचशें वर्षांचा हिशेब संपतो. वाक्यें सुबक आहेत; पण त्यांतल्या प्रत्येकास ‘हें कशावरून ?’ असा प्रश्न केला म्हणजे तीं एकामागून एक डळमळूं लागतात.

प्रस्तुत लेखांत हा प्रश्न विचारावयाचा आहे. नवा इतिहास सांगण्याचा आव यांत नाहीं. जो सांगितला जातो त्याचीं साधनें तपासून पाहावयाचीं, येवढाच हेतु. शहराचें नांव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालें आहे; जुन्या साधनांत औरंगाबाद असें असल्यामुळें त्या त्या काळापुरतें तेंच नांव येथें ठेविलें आहे.

या तपासणींत इंग्लंडच्या उत्तरेकडील लिव्हरपूल बंदराचा उल्लेख मधून मधून येईल, त्याचें वाचकांस नवल वाटूं नये. एक तर एकोणिसाव्या शतकांत दख्खनच्या काळ्या जमिनींतला कापूस मुंबईस जहाजावर चढून ज्या बाजारांत उतरे, त्यांत लिव्हरपूल मुख्य होतें. दुसरें असें कीं, त्या शहराचा औद्योगिक भूतकाळ चोपड्यांवरून पडताळून पाहतां येतो. आपला येत नाहीं. हा फरक कशामुळें पडला, याचें उत्तर या लेखाच्या वाचकांपैकीं अनेकांच्या कपाटांत आहे, असें आमचें मत आहे.

(२)

प्रथम हिमरूचा विचार करूं. हिमरू म्हणजे सूत व रेशीम यांच्या मिश्रणाचें वेलबुट्टीदार कापड. जरीच्या किनखाबाहून स्वस्त, पण पंक्तीला त्याच्या शेजारीं बसणारें. त्याच्या उत्पत्तीविषयीं दोन गोष्टी सांगतात. पहिली ही कीं, इ. स. १३२७ च्या सुमारास तुघलकानें दिल्लीची वस्ती दौलताबादेस हलविली, तेव्हां हे कारागीर आले. दुसरी ही कीं, व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो यास येथील हिमरू शाल मिळाली व तिचें विणकाम कोळ्याच्या जाळ्यासारखें तलम असल्याचें त्यानें लिहून ठेविलें. या दोन्ही गोष्टी पुष्कळदां शेजारीं शेजारीं छापलेल्या आढळतात.

आतां सन पाहा. पोलो हिंदुस्थानच्या किनाऱ्यानें गेला तो १२९२-९३ च्या सुमारास. आणि तो वारला १३२४ सालीं. म्हणजे जे कारागीर १३२७ सालीं दख्खनेंत आले, त्यांच्या हातची शाल तीन वर्षांपूर्वीं मेलेल्या माणसाच्या खांद्यावर घालावी लागते ! दोहोंपैकीं एक गोष्ट तरी सोडलीच पाहिजे. मागून पुढून घेऊन दोन्ही ठेवतां येणार नाहींत.

मग कोळ्याच्या जाळ्याची उपमा आली कोठून ? ती पोलोच्या ग्रंथांत खरोखरच आहे. परंतु ती ‘मुत्फिली’ नांवाच्या राज्याच्या प्रकरणांत आहे. कर्नल यूल यांनीं १८७१ सालीं पोलोच्या ग्रंथाचें भाषांतर टीपांसह प्रसिद्ध केलें, त्यांत मुत्फिली म्हणजे पूर्व किनाऱ्यावरील मोटुपल्ली बंदर असें ठरविलें आहे. हें काकतीयांच्या राज्यांतलें बंदर. तेथील विधवा राणीच्या न्यायी कारभाराची पोलोनें केलेली स्तुतिहि त्याच प्रकरणांत येते. देवगिरीचें प्रकरण त्याच्या ग्रंथांत नाहीं. तेव्हां तें तलम वस्त्र आंध्र किनाऱ्याचें. तें कोणीतरी उचलून यादवांच्या राजधानींत आणून ठेविलें. मध्यें सबंध दख्खनचें पठार आडवें पडलें आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं.

देवगिरीच्या पदरांत परक्याचें कापड पडण्याची ही एकच वेळ नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर अशीं दोन मोठीं पेठांचीं गांवें सांगितलीं आहेत. पैठणाहून गोमेदासारखे दगड आणि तगराहून साधें कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांतून बिकट वाटांनीं भडोचेस जात असे, असें तो लेखक म्हणतो. हें तगर कोणतें ? अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्फर्ड यानें तें देवगिरीच ठरविलें. पुढें कोणी जुन्नर म्हटलें, कोणी धारूर म्हटलें. शेवटीं १९०१ सालीं डॉ. फ्लीट यांनीं तें धाराशिव जिल्ह्यांतील तेर असल्याचें दाखविलें, आणि तेच आज मान्य आहे. म्हणजे शंभरांवर वर्षें तेरच्या साळ्यांचें कापड अधूनमधून देवगिरीच्या नांवावर चढत होतें.

यावरून हिमरूची कला अर्वाचीन किंवा उसनी आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. खोटी वंशावळ फाडून टाकिल्यानें घराणें खोटें ठरत नाहीं. औरंगाबादेंत हिमरू विणला गेला, नांवाजला गेला, आणि त्याचे मागाहि चालू राहिले, हें निर्विवाद आहे. वाद आहे तो त्याच्या जन्मपत्रिकेचा. आणि ती पत्रिका प्रवाशाच्या उपमेवरून मांडतां येत नाहीं.

(३)

वरील दोन उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. माल एका ठिकाणचा, कीर्ति दुसऱ्या ठिकाणची. पेरिप्लसच्या लेखकानें माल कोठून येतो व किती दिवसांत येतो हें टिपून ठेविलें, म्हणून आज तेर व पैठण यांचा पत्ता लागतो. पुढच्या काळांतल्या सर्वच व्यापाऱ्यांनीं ही काळजी घेतली नाहीं. नांव बंदराचें झालें आणि माल आंतल्या प्रदेशानें दिला.

याचें ढळढळीत उदाहरण लिव्हरपूलच्या बाजारांत सांपडतें. मर्सी नदीच्या मुखावरील या गांवीं १७१५ सालीं बंदिस्त पाण्याची गोदी झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गुलामांच्या व्यापारांत तें इंग्लंडांत पहिलें ठरलें. १८०७ सालीं तो व्यापार कायद्यानें बंद झाल्यावर कापसानें त्याची जागा अधिकच भरून काढली. आणि १८३० सालीं मँचेस्टरपर्यंत आगगाडी झाल्यावर गोदींतली गाठ त्याच दिवशीं गिरणीच्या दारांत जाऊं लागली. या गिरण्यांस लागणारा सुमारें चार-पंचमांश कापूस अमेरिकेंतून येई. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरें अडविलीं गेलीं, आणि लिव्हरपूलचे दलाल हिंदुस्थानाकडे वळले.

त्या वेळीं पश्चिम हिंदुस्थानांतून जाणाऱ्या कापसास त्या बाजारांत सरसकट ‘सुरत’ असें म्हणत. खानदेशचा असो, वऱ्हाडचा असो, कीं गोदेच्या कांठचा असो, तो चढे मुंबईस आणि नांव पावे सुरतेचें. आणि सुरत बंदराची भरभराट तर तेव्हां केव्हांच ओसरली होती. हा कापूस आंखूड धाग्याचा, त्यांत माती व सरकीचा चुरा फार. लँकेशायरच्या कामकऱ्यांस तो नकोसा होई. होतां होतां ‘सुरत’ हा शब्द तिकडे भेसळीच्या मालास शिवीसारखा लागूं लागला, येथपर्यंत कीं बीर गाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाला कोणी ‘सुरत’ म्हटलें म्हणून प्रकरण न्यायालयांत गेलें. ज्या शेतकऱ्यानें कापूस पिकविला त्याच्या गांवाचें नांव या सर्व व्यवहारांत कोठेंच नाहीं. किंमत उतरली तीहि सुरतेची, आणि अब्रू गेली तीहि सुरतेची.

येथें संशोधकासाठीं नियम निघतो तो असा : बाजारांतलें नांव हा मालाच्या उत्पत्तीचा पुरावा नव्हे. तो फार तर मालाच्या जातीचा पुरावा होईल.

(४)

आतां हाच नियम आपल्या हातांतल्या कागदाला लावून पाहूं. जुन्या दफ्तरांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना दौलताबादी, जुन्नरी, अहमदाबादी हीं कागदाचीं नांवें सांगावयास नकोत. दौलताबाद व खुलताबाद यांच्या मधल्या वाटेवर कागजीपुरा नांवाचें गांव आहे. गांवाच्या नांवांतच धंदा आहे, आणि हातकागदाचें काम तेथें एकविसाव्या शतकांतहि टिकून राहिलें. हेहि कागदी तुघलकाच्या वस्तीबरोबर आले असें सांगतात. हिमरूच्या गोष्टीप्रमाणें या गोष्टींत सनांचा विरोध येत नाहीं, म्हणून ती संभवनीय म्हणावी; सिद्ध मात्र म्हणूं नये. संभव आणि सिद्धि यांमधलें अंतर ओलांडण्यास समकालीन लेख लागतो.

पण दफ्तरांत ‘दौलताबादी’ हा शब्द आला कीं तो ताव कागजीपुऱ्यांतच झाला असें धरून चालण्याची रीत पडली आहे, ती ‘सुरत’ कापसासारखीच फसवी आहे. एखाद्या गांवच्या मालाला नांव मिळालें म्हणजे त्याच घडणीचा दुसरीकडचा मालहि त्याच नांवानें विकला जातो; हें पागोट्यांत झालें आहे, लुगड्यांत झालें आहे, कागदांत न होण्याचें कारण दिसत नाहीं. मग निवाडा कशानें करावयाचा ? तर खुद्द तावानें.

जुने दोरखंड व चिंध्या चुन्यांत भिजवून, कुटून, धुवून त्यांचा लगदा करावयाचा. तो हौदांतल्या पाण्यांत कालवून काड्यांच्या जाळीवर झेलावयाचा. ओला ताव भिंतीस लावून वाळवावयाचा. मग खळ देऊन गुळगुळीत दगडानें घोटावयाचा. अशी आपल्याकडील हातकागदाची ठोकळ कृति आहे. यांतली प्रत्येक पायरी तावावर आपली खूण ठेवून जाते. उजेडासमोर धरला असतां जाळीच्या काड्यांच्या रेघा दिसतात. एका बोटाच्या रुंदींत त्या किती बसतात हें मोजतां येतें. काड्या ज्या धाग्यानें बांधलेल्या त्या धाग्यांच्या रेघांमधलें अंतर मोजतां येतें. लगदा नीट कुटला नसेल तर दोराचे तुकडे शाबूत दिसतात. भिंतीची बाजू व घोटलेली बाजू बोटाला वेगळ्या लागतात. ज्या पत्रांवर स्थळ व मिति स्पष्ट आहे अशा शेंदोनशें पत्रांचीं हीं मापें एकत्र केलीं, तर कोणता ताव कोणत्या काळीं कोठें चालत होता याचें कोष्टक तयार होईल. आणि मग मिति नसलेल्या पत्राला त्या कोष्टकांत जागा शोधतां येईल.

विलायती कागदाच्या बाबतींत तर काम याहून सोपें आहे. त्यावर पुष्कळदां जलचिन्ह असतें. इंग्लंडांत १७९४ सालच्या कायद्यानें परदेशीं पाठवावयाच्या कागदावर करांत सूट मिळण्यासाठीं जलचिन्हांत सन घालावा लागूं लागला. म्हणून त्यानंतरच्या इंग्रजी तावांवर वर्षाचा आंकडा आढळतो. सवाई माधवरावांच्या वेळचें म्हणून दाखविलेलें पत्र अशा तावावर असेल आणि त्यांत १८०६ चा आंकडा दिसेल, तर तें पत्र अस्सल नव्हे, नक्कल आहे, हें एका दृष्टिक्षेपांत ठरतें; कारण सवाई माधवराव १७९५ सालींच वारले. उलट बाजूनें मात्र सावधगिरी हवी : ताव बनल्यावर तो हिंदुस्थानांत येऊन लिहिला जाईपर्यंत कांहीं वर्षें जाऊं शकतात, म्हणून जलचिन्हाचा सन हा अलीकडची मर्यादा नव्हे, पलीकडची मर्यादा होय. शिवाय १८१३ च्या सनदेपर्यंत हिंदुस्थानचा व्यापार कंपनीच्या मक्त्याखालीं असे; तो मक्ता उठल्यावरच लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांस वाट मोकळी झाली, व त्यांचें ‘किंग्समिल’ जहाज १८१४ सालीं कलकत्त्याकडे निघालें. विलायती ताव आपल्या दफ्तरांत कोणत्या दशकापासून वाढले याची मोजणी केली, तर कागजीपुऱ्याच्या धंद्याला ओहोटी केव्हां लागली हें कल्पनेनें सांगण्याची गरज उरणार नाहीं.

परशुराम कृष्ण गोडे यांनीं गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत कागदाच्या इतिहासासंबंधीं ग्रंथांतले उल्लेख जमवून लेख लिहिले, त्यामुळें या विषयाचा पाया पडला. पण गोड्यांचें काम उल्लेखांचें होतें. तावांचें काम अद्याप व्हावयाचें आहे. आपले पत्रसंग्रह पाहिले तर मजकुराचें वाचन अक्षरशः तपासलेलें, मितीचा मेळ घातलेला, मोर्तब व शिक्क्यांचें वर्णन दिलेलें. आणि ज्यावर हें सर्व उठलें आहे त्या कागदाविषयीं बहुधा एक ओळहि नाहीं.

(५)

यानंतर ‘विलायती कापड आलें व धंदे बुडाले’ हें विधान घेऊं. यांत सत्याचा अंश मोठा आहे, आणि म्हणूनच तें अधिक काळजीनें तपासलें पाहिजे. कारण अर्धसत्य विधान पूर्ण सत्याच्या जागीं बसलें कीं उठत नाहीं.

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली; १६५३ सालीं औरंगझेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला व तिचें औरंगाबाद झालें; पुढें पहिल्या निजामाचेंहि तें मुख्य ठाणें होतें. किनखाब, हिमरू, मशरू, जरीकाम हें सर्व या दरबाराच्या आश्रयावर वाढलें. १७६३ सालीं निजाम अलीनें राजधानी हैदराबादेस नेली. खिलत देणारे व घेणारे दोघेहि शहर सोडून गेले. या वेळीं लँकेशायरांत यंत्राचें सूत निघूं लागलें नव्हतें. मँचेस्टरचा ठाण औरंगाबादच्या चौकांत येण्यास अद्याप दोन पिढ्यांचा अवकाश होता. तेव्हां दरबारी वस्त्रांच्या धंद्याला पहिला घाव बसला तो मँचेस्टरचा नव्हे, हैदराबादेचा.

दुसरें असें कीं, विलायती गिरण्यांचा मुख्य मारा होता तो साध्या पांढऱ्या व छापील सुती कापडावर. हिमरू घेणारें गिऱ्हाईक धोतरजोडीच्या ठाणाकडे वळत नाहीं. उलट पंचा, पासोडी, खादी विणणारा खेड्यांतला कोष्टी मात्र थेट त्याच्या तडाख्यांत सांपडला. आणि त्याहून आधीं घरोघर सूत कातणारी बाई सांपडली, कारण गिरणीचें सूत गिरणीच्या कापडाइतकेंच दूर पोंचतें. जो कोष्टी टिकला तो पुष्कळदां गिरणीचेंच सूत घेऊन टिकला. म्हणजे ‘धंदे बुडाले’ या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या माणसांच्या तीन निरनिराळ्या गोष्टी दडल्या आहेत : दरबारचा कारागीर, खेड्यांतला कोष्टी, आणि चरख्यावरची बाई. त्या तिघांना एकाच वर्षीं एकाच कारणानें बुडविणें हें लिहिणाराच्या सोयीचें आहे, इतिहासाच्या नाहीं.

(६)

आतां छापील सरकारी साधनांकडे येऊं. औरंगाबाद जिल्ह्याचें गॅझेटिअर १८८४ सालीं निजाम सरकारच्या आश्रयानें छापून निघालें. जुन्या धंद्यांच्या वर्णनासाठीं तें मोलाचें आहे, कारण लिहिणारानें हे धंदे चालू असतांना पाहिले. परंतु शहरांतली कापसाची गिरणी १८८९ सालची आहे. तेव्हां गिरणीसंबंधानें ‘जुन्या गॅझेटिअरवरून’ म्हणून जें सांगतात तें या पुस्तकांत असूंच शकत नाहीं; तें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या इंपीरियल गॅझेटिअरांतून आलेलें असतें. दोन गॅझेटिअरें एक समजून उतारे घेण्याची चूक वरचेवर होते.

या दुसऱ्या ग्रंथावरून असें दिसतें कीं, गिरणींत सुमारें ७०० माणसें कामास होतीं. मनमाडहून औरंगाबाद, जालना व पुढें हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० सालीं सुरू झाल्यावर सरकी काढण्याचे कारखाने भराभर निघाले. औरंगाबाद व जालना मिळून असे नऊ कारखाने व गाठी दाबण्याचे पांच कारखाने झाले. आणि १९०१ सालीं या सर्वांत १,०१६ माणसें होतीं. हे आंकडे जसेच्या तसे उद्धृत होतात. त्यांवर टीका अशी.

पहिली गोष्ट, गिरणी रेल्वेच्या अकरा वर्षें आधींची आहे. ‘रेल्वेमुळें उद्योग आला’ हें वाक्य म्हणूनच गिरणीला लागू पडत नाहीं. सरकीच्या कारखान्यांस लागू पडतें. जेव्हां औरंगाबाद व वेरूळ पाहूं इच्छिणारा उतारू नांदगांवास आगगाडीतून उतरून गाडीरस्त्यानें येत असे, त्या काळांत कोणीतरी अवजड यंत्रें या शहरांत आणून उभीं केलीं. हें धाडस अधिक विचारणीय आहे.

दुसरी गोष्ट, औरंगाबाद व जालना यांची बेरीज एकत्र आहे. जालना हें कापसाचें मोठें पेठेचें गांव. ती बेरीज सगळीच औरंगाबादच्या खात्यावर मांडणें म्हणजे पुन्हां तेरचें कापड देवगिरीस देण्यासारखें आहे.

तिसरी गोष्ट, सरकीचे कारखाने हंगामी. कापूस आला कीं चालतात, संपला कीं भट्टी विझते. हजार माणसें म्हणजे बारमाही हजार माणसें नव्हत. उरलेल्या महिन्यांत त्यांतलीं किती शेतांत होतीं, किती रस्त्यावर, हें बेरजेच्या पोटांत गडप होतें. शिवाय संख्येंत पुरुष, बायका, मुलें असा भेद दिसत नाहीं. सरकीच्या कारखान्यांतून बायकांचें काम किती असतें हें ज्यानें हंगामांत असा कारखाना पाहिला असेल त्यास सांगणें नको.

वास्तूंच्या साक्षीविषयींहि दोन शब्द लिहितों. पाण्याच्या जोरानें दळणारी पाणचक्की ही या शहरांतील यंत्रविद्येची सर्वांत प्रसिद्ध खूण. दूरच्या उगमाचें पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून पाडून, त्या जोरावर जातें फिरविण्याची ही योजना. पीठ होई तें बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियांतील फकीर व वाटसरू यांच्यासाठीं. परंतु तिच्या बांधकामाचा सन कोणी १६९५ देतो, कोणी १७४४. एका चक्कीचे दोन सन पन्नास वर्षांच्या अंतरानें फिरत राहतात, आणि वाटाड्यांच्या पुस्तकांत ज्याला जो आवडेल तो छापला जातो. वास्तविक या तकियाविषयीं ‘मल्फूझात-इ-नक्शबंदिया’ हा फारसी ग्रंथ आहे, व त्याचें सायमन डिग्बी यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर २००१ सालीं प्रसिद्ध झालें आहे. बाबा शाह मुसाफिर व त्यांच्यामागून गादीवर बसलेले शाह महमूद यांच्या वेळची हकीकत त्यांत आहे. वाटाड्यांचीं पुस्तकें मिटून आधीं तो ग्रंथ उघडावा, म्हणजे वाद निदान योग्य जागीं सुरू होईल.

(७)

येथवर जें झालें तें खंडन. आतां, असें कां झालें, तें पाहावयाचें.

लिव्हरपूलचे लोक आपल्यापेक्षां अधिक सत्यप्रिय होते असें मुळींच नाहीं. गुलामांच्या पैशावर वाढलेल्या शहरानें तो पैसा विसरण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. परंतु विल्यम डेव्हनपोर्ट या गुलामांच्या व्यापाऱ्याच्या जहाजांचे हिशेब शिल्लक राहिले. ते आज तेथल्या सागरी संग्रहालयाच्या दफ्तरांत आहेत. रॅथबोन या व्यापारी घराण्याचे कागद तेथल्या विद्यापीठांत आहेत. गोद्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचें अफाट दफ्तर शाबूत आहे. या कागदांत कीर्ति नाहीं. खर्च, भाडें, वजन, तूट व नफा आहे. आणि म्हणूनच शहराला स्वतःविषयींचीं गोड विधानें फार दिवस करतां आलीं नाहींत. २००४ सालीं लिव्हरपूलच्या बंदराचा भाग जागतिक वारशाच्या यादींत गेला, आणि नव्या बांधकामांनीं त्याचें रूप बिघडलें म्हणून २०२१ सालीं यादींतून काढला गेला. इमारतींचा मान असा येतो आणि जातो. हिशेबाच्या वह्या राहिल्या, त्यांची साक्ष मात्र कोणास काढून घेतां आली नाहीं.

आपल्या बाजूनें पाहिलें तर लिव्हरपूलचें दफ्तर कितीहि मोठें असलें तरी तें गोदीच्या कांठापासून सुरू होतें. तेथें ‘सुरत’ येवढाच शब्द मिळणार. ती गाठ वैजापूरची कीं जालन्याची, तिच्यावर अडत किती, जकात किती, गाडीभाडें किती, शेतकऱ्यास आगाऊ दिलेली रक्कम किती व तिचें व्याज किती, हें तिकडे मिळणार नाहीं. तें आपल्याकडच्या अडत्याच्या व सावकाराच्या कीर्द-खतावणींतच मिळावयाचें. लिव्हरपूलच्या चोपडीचें दुसरें पान आपल्या माळ्यावर आहे.

आणि तें आपण काय करतों ? येथें स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वीं मराठवाड्यांतील एका घरचे रुमाल पाहण्याचा योग आला. आम्हीं शिक्क्याचीं पत्रें तेवढीं निवडलीं, चार इनामांच्या नकला घेतल्या, आणि खालीं उरलेल्या लांबट वह्यांकडे पाहून ‘यांत कांहीं नाहीं’ असें सांगितलें. त्या कापसाच्या व्यवहाराच्या वह्या होत्या. एका पानावर गाठींचा आंकडा व नांदगांवचें नांव वाचल्याचें अजून स्मरतें; सन कोणता तें स्मरत नाहीं. पुन्हां गेलों तेव्हां त्या वह्या रद्दींत गेल्या होत्या. घरच्या मंडळींचा यांत दोष नाहीं. त्यांनीं जाणत्याचें मत मानलें. निवडून आणलेल्या पत्रांपैकीं बहुतेकांच्या प्रती दुसरीकडे होत्या, असें पुढें कळलें. वह्यांची प्रत कोठेंच नव्हती.

(८)

म्हणून संग्राहक बंधूंस थोडी विनंती करावयाची आहे.

रुमाल सोडतांना कागद ज्या क्रमानें निघाले तो क्रम आधीं लिहून ठेवावा. पत्राचा अर्थ पुष्कळदां शेजारच्या पत्रांत असतो. कोरे ताव, मलपृष्ठें, पुठ्ठ्यांत चिकटविलेले तुकडे फेंकूं नयेत. लिहिलेल्या कागदापेक्षां कोऱ्या कागदावर जाळीच्या रेघा स्वच्छ दिसतात. पोथी बांधतांना कडा कापून सारख्या करण्याची हौस आवरावी. तावाचें मूळ माप कडेवरच असतें. प्रत्येक मितिवार पत्राच्या नोंदींत तावाची लांबी-रुंदी, रेघांची दाटी व जलचिन्ह असल्यास त्याचें वर्णन, येवढ्या तीन गोष्टी घालाव्या. यास विद्वत्ता लागत नाहीं, पट्टी व उजेड लागतो. आणि कीर्द, खतावणी, हुंडीचे खोके, वजनाच्या चिठ्ठ्या, गिरणीच्या किंवा कारखान्याच्या पगाराचीं पत्रकें, यांस शिक्क्याच्या पत्राइतकाच मान द्यावा. लिपि मोडी नसून महाजनी असेल, मजकूर रुक्ष असेल, कोणाहि थोर पुरुषाचें नांव त्यांत नसेल. तरी ती वही टाकूं नये.

शेवटची गोष्ट अधिक निकडीची आहे. १९६० नंतरच्या दशकांत या शहरांत रेल्वे स्टेशनाजवळ, पुढें चिकलठाण्यास व वाळूजेस औद्योगिक वसाहती झाल्या. १९८५ सालीं वाळूजेस बजाजचा दुचाक्यांचा कारखाना सुरू झाला. या नव्या उद्योगाचाहि पहिला भाग आतां इतिहासजमा होऊं लागला आहे. पहिल्या पिढीचे कामकरी व लहान कारखानदार वृद्ध झाले. त्यांच्या घरांतले हजेरीपट, पावत्या, करारपत्रें, छायाचित्रें आज जुनीं नाहींत, म्हणून कोणी जपत नाहीं. उद्यां जुनीं होतील, तेव्हां असणार नाहींत. मग शंभर वर्षांनीं कोणी लेखक येईल आणि चार सुबक वाक्यांत हाहि हिशेब मिटवून टाकील. आणि त्या वाक्यांना ‘हें कशावरून?’ म्हणून विचारण्यास त्या वेळच्या संशोधकाच्या हातांत कांहीं नसेल.

हिमरूला पोलोच्या शिफारसपत्राची गरज नाहीं. कागजीपुऱ्याला तुघलकाच्या सनदेची गरज नाहीं. त्यांना गरज आहे ती त्यांच्या मालाचें माप घेणाऱ्याची आणि त्यांच्या हिशेबाची वही न फेंकणाऱ्याची. ज्यांच्याकडे असे ताव, अशा वह्या असतील त्यांनीं त्यांचीं वर्णनें या त्रैमासिकाकडे पाठवावीं. वाचन न झालें तरी चालेल. वाचणारा पुढें मिळेल. टाकलेलें मात्र मिळत नाहीं.